पंचाहत्तर ओहम गेले कुठे?

तुमच्या किंवा शेजाऱ्यांच्या घरावर दूरचित्रवाणीची डिश असेल, तर तिच्यापासून खाली येणारी केबल एकदा नीट पाहा. बाहेरच्या आवरणावर बारीक अक्षरांत बरेच काही छापलेले असते. त्यात बहुधा ‘७५ ओहम’ असेही सापडेल. आता अशा केबलचा एखादा सुटा तुकडा मिळवा. (जोडलेली केबल काढू नका, घरची मंडळी रागावतील!) शाळेच्या प्रयोगशाळेतील मल्टिमीटरचे एक टोक केबलच्या आतल्या तारेला आणि दुसरे बाहेरच्या जाळीला लावा. मीटर काय दाखवतो? रोध अनंत. ते बरोबरच आहे, कारण तार आणि जाळी यांच्यामध्ये पांढरे फेसाळ प्लॅस्टिक आहे आणि ते विद्युत्‌रोधक आहे. मग मीटरची दोन टोके त्या एकाच तारेच्या दोन टोकांना लावून पाहा. आता मीटर जवळजवळ शून्य दाखवतो.

म्हणजे एकदा अनंत, एकदा शून्य. मग पंचाहत्तर ओहम आहेत तरी कुठे? आणखी एक गंमत पाहा. दहा मीटरचे भेंडोळे घ्या किंवा शंभर मीटरचे घ्या, छापलेला आकडा तोच. तारेची लांबी वाढली की रोध वाढतो, असे तर तुम्ही शाळेत शिकला आहात. प्रयोगशाळेत हा प्रयोग करणारा प्रत्येक नवा वर्ग माझ्याकडे संशयाने पाहतो. कारखानदार खोटे छापतात की काय?

नाही. छापलेलेही खरे आहे आणि मीटरही खरा आहे. दोघे वेगवेगळ्या गोष्टींविषयी बोलत आहेत, एवढेच.

आधी केबलची रचना पाहू. मधोमध एक मिलिमीटर जाडीची तार, तिच्याभोवती साडेचार मिलिमीटर व्यासाचा फेसाळ पॉलिथीनचा थर, त्यावर धातूचा पातळ पत्रा व विणलेली जाळी आणि सर्वांत बाहेर काळे किंवा पांढरे आवरण. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच असतो, म्हणून हिला समाक्ष केबल म्हणतात. अशा केबलचे पेटंट इंग्लंडमध्ये ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० सालीच घेतले होते. दूरध्वनी व दूरचित्रवाणीसाठी तिचा उपयोग करण्याची योजना मात्र अमेरिकेत लॉइड एस्पेनशीड आणि हर्मन अ‍ॅफेल या दोन अभियंत्यांनी १९२९ मध्ये पेटंटसाठी सादर केली. या रचनेचा मोठा गुण असा, की संदेश तार आणि जाळी यांच्यामधल्या जागेतच कोंडलेला राहतो. तो बाहेर सांडत नाही, आणि शेजारच्या मिक्सरची किंवा मोटारसायकलची खरखर सहसा आत शिरत नाही.

आता थोडे गणित करू. भिऊ नका, गुणाकारापलीकडे त्यात काही नाही.

समजा, आपल्याजवळ फार फार लांब केबल आहे. तिच्या एका टोकाशी तार व जाळी यांच्यामध्ये आपण दीड व्होल्टचा सेल जोडला. केबलचे पलीकडचे टोक उघडे आहे, जोडलेले आहे, की तेथे कोणी काही बसवले आहे, हे सेलला कसे कळणार? तेथपर्यंत जाऊन परत आल्याशिवाय कळणार नाही. आणि विद्युत् संदेशालाही जायला वेळ लागतो. अशा केबलमध्ये तो प्रकाशाच्या वेगाच्या सुमारे ८३ टक्के वेगाने, म्हणजे एका नॅनोसेकंदात २५ सेंटिमीटर जातो. नॅनोसेकंद म्हणजे सेकंदाचा अब्जावा भाग.

तार आणि जाळी मिळून एक लांबलचक विद्युत् धारित्र बनते. त्याची धारणा, म्हणजे विद्युत् भार साठवण्याची क्षमता, दर मीटरला सुमारे ५३ पिकोफॅरड असते. म्हणून २५ सेंटिमीटरला झाली सुमारे १३.३ पिकोफॅरड. एवढा तुकडा दीड व्होल्टपर्यंत भारित करायला १३.३ गुणिले १.५, म्हणजे २० पिकोकुलोम भार लागतो. एका नॅनोसेकंदात एवढा एक तुकडा भरला जातो. पुढच्या नॅनोसेकंदात पुढचा, त्यानंतर त्याच्या पुढचा. म्हणजे सेलला दर नॅनोसेकंदाला २० पिकोकुलोम भार पुरवावा लागतो. हा प्रवाह किती झाला? २० मिलिअँपिअर, म्हणजे ०.०२ अँपिअर. आता ओहमचा नियम लावा. १.५ भागिले ०.०२ किती?

पंचाहत्तर!

सापडले आपले पंचाहत्तर ओहम. ते तांब्यात नाहीत आणि प्लॅस्टिकमध्येही नाहीत. पुढे पुढे सरकणाऱ्या तरंगाला दर क्षणी किती विद्युत् दाबामागे किती प्रवाह लागतो, याचे ते गुणोत्तर आहे. त्याला केबलचा लाक्षणिक संरोध म्हणतात. तार किती जाड, जाळी तिच्यापासून किती दूर आणि मध्ये पदार्थ कोणता, यांवर तो ठरतो. लांबीशी त्याचा संबंध नाही, कारण तरंग ज्या तुकड्यात आहे त्या तुकड्याशीच त्याचा व्यवहार असतो. शिवाय येथे ऊर्जेची उष्णता होत नाही. ती नुसती पुढे जाते.

मग मीटरला हे का दिसले नाही? तुमचा तुकडा २० मीटरचा आहे असे समजा. तरंग टोकाला पोचायला ८० नॅनोसेकंद आणि ‘पुढे रस्ता बंद आहे’ हा निरोप घेऊन परत यायला ८० नॅनोसेकंद लागतात. म्हणजे १६० नॅनोसेकंदांत पहिला निरोप येतो, आणि अशा काही फेऱ्यांत सारे स्थिर होऊन प्रवाह थांबतो. मीटरला आकडा दाखवायला सेकंदाचा काही हिस्सा लागतो. तोपर्यंत नाटक केव्हाच संपलेले असते. मीटरने एक सेकंदभर ७५ ओहम दाखवावेत असे वाटत असेल, तर केबल सव्वा लाख किलोमीटर लांब हवी. पृथ्वीला तीन वेढे बसतील! (आणि तांब्याचा स्वतःचा रोध नाही असे मानायला हवे.)

आता पुढचा प्रश्न. तरंग टोकाला पोचल्यावर काय होते? त्यासाठी एक दोरी घ्या. विहिरीवरची सुती दोरी चांगली. एक टोक खिडकीच्या गजाला घट्ट बांधा, दोरी थोडी ताणून धरा आणि हाताला वर एक झटका द्या. दोरीवरून उंचवटा धावत जाईल, गजावर आपटेल आणि परत येईल. येताना तो उंचवटा नसतो, खळगा असतो. उलटा होऊन येतो. आता दोरीच्या टोकाला गुळगुळीत कडी बांधून ती उभ्या सळईत सैल अडकवा, म्हणजे टोक वरखाली मोकळे राहील. झटका द्या. या वेळी उंचवटा उंचवटा म्हणूनच परत येतो. तिसऱ्या वेळी दोरीला जाड दोरखंड जोडा. आता काही भाग पुढे जातो, काही भाग परत येतो.

केबलमध्ये नेमके हेच घडते. टोकाशी तार आणि जाळी एकमेकींना चिकटली असतील तर दाबाचा तरंग उलटा होऊन परततो. टोक उघडे असेल तर सुलटा परततो. आणि टोकाला बरोबर ७५ ओहमचा रोध जोडला तर? तर काहीच परत येत नाही. रोधाला मिळणारा दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर त्याला हवे तेच असते, म्हणून तो सारी ऊर्जा गिळून टाकतो. तरंगाला वाटते, की केबल पुढेही चालूच आहे.

परत येणारा भाग किती, याचे सूत्र सोपे आहे. टोकाच्या ओहममधून केबलचे ओहम वजा करा आणि दोहोंच्या बेरजेने भागा. ७५ ओहमच्या केबलला ३०० ओहम जोडले तर २२५ भागिले ३७५, म्हणजे ०.६ इतका दाब परततो. शक्ती दाबाच्या वर्गाप्रमाणे बदलते, म्हणून ३६ टक्के शक्ती वाया गेली. पण ७५ च्या केबलला ५० ओहमचे उपकरण जोडले तर परततात फक्त ४ टक्के. ‘५० आणि ७५ कधी जोडू नये’ असे काही जण फार गंभीरपणे सांगतात. नुसता संदेश पकडायचा असेल तर ४ टक्क्यांनी जगबुडी होत नाही. प्रक्षेपकाची गोष्ट वेगळी. तेथे परतलेली शक्ती प्रक्षेपकालाच भाजते, आणि म्हणून हौशी रेडिओवाले आकाशक जोडल्याशिवाय आपला प्रक्षेपक कधी सुरू करत नाहीत.

परतणाऱ्या तरंगांचे भूत पूर्वी डोळ्यांना दिसत असे. मुंबईला दूरचित्रवाणी २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाली आणि पुढे बरीच वर्षे गच्च्यागच्च्यांवर सळयांचे आकाशक उभे होते. आजीआजोबांना विचारा, पडद्यावर माणसाच्या उजवीकडे त्याचीच फिकट सावली दिसे, तिला सगळे भूतच म्हणत. पडद्यावरची एक रेघ डावीकडून उजवीकडे काढायला ५२ मायक्रोसेकंद लागत. एखाद्या डोंगरावर आपटून दीड किलोमीटर जास्त फिरून आलेला तरंग ५ मायक्रोसेकंद उशिरा येई, आणि ५० सेंटिमीटर रुंद पडद्यावर भूत पाच सेंटिमीटर बाजूला दिसे. २० मीटर केबलच्या दोन्ही टोकांची जोडणी जुळत नसेल, तर त्याच हिशेबाने भूत जेमतेम दीड मिलिमीटर सरके. ते वेगळे दिसत नसे, फक्त चेहऱ्याच्या कडा पुसट होत.

पण मुळात केबलमध्ये कोंडलेला तरंग आकाशात सोडायचा कसा, किंवा आकाशातला आत घ्यायचा कसा? ते काम आकाशकाचे, म्हणजे अँटेनाचे. केबलच्या टोकाशी तार एका सळईला जोडा, जाळी दुसऱ्या सळईला जोडा आणि दोन सळया एका रेषेत, विरुद्ध दिशांना पसरा. झाला द्विध्रुव आकाशक. दोन्ही सळयांची मिळून लांबी तरंगलांबीच्या निम्म्याहून किंचित कमी ठेवतात. एफ.एम. रेडिओची वारंवारता १०० मेगाहर्ट्‌झच्या आसपास, म्हणजे तरंगलांबी ३ मीटर. तेव्हा सळया मिळून सुमारे १ मीटर ४२ सेंटिमीटर. झोपाळ्याला योग्य वेळी झोका दिला की तो उंच जातो, तसे या लांबीच्या सळयांत भार जोराने पुढेमागे हेलकावे खातात आणि तरंग आकाशात निघून जातात.

येथे पुन्हा मीटर लावून पाहा. दोन सळया एकमेकींना टेकतही नाहीत, म्हणून मीटर अनंतच दाखवणार. पण रेडिओ तरंगाला हा आकाशक मोकळ्या जागेत सुमारे ७३ ओहमचा वाटतो. हे ७३ ओहम कुठले? सळया तर गरम होत नाहीत. जी ऊर्जा आकाशात जाते, ती केबलच्या दृष्टीने ‘खर्च’ झाली. त्या खर्चाचे माप म्हणजे हे ७३ ओहम. केबल ७५ ची आणि आकाशक ७३ चा, म्हणजे जोडी चांगली जमते.

केबलसाठी ७५ सोयीचे असण्याला आणखी एक कारण आहे. मध्ये हवा असलेल्या समाक्ष केबलमध्ये बाहेरचा व्यास आतल्याच्या ३.६ पट ठेवला, तर संदेश सर्वांत कमी क्षीण होतो. तिचा संरोध येतो सुमारे ७७ ओहम. उलट, जास्तीत जास्त शक्ती वाहून न्यायची असेल तर ३० ओहमची केबल उत्तम. प्रक्षेपकवाल्यांनी या दोहोंच्या मधला ५० हा आकडा धरला. त्यामुळे तुमच्या दूरचित्रवाणीची केबल ७५ ची आणि पोलिसांच्या बिनतारी यंत्राची ५० ची.

सळयांचा शिडीसारखा आकाशक तुम्ही पाहिला असेल. तो जपानमधील तोहोकू विद्यापीठातील शिंतारो उदा आणि हिदेत्सुगु यागी यांनी १९२६ मध्ये पुढे आणला. त्यातल्या एकाच द्विध्रुवाला केबल जोडलेली असते. बाकीच्या सळया कशालाही जोडलेल्या नसतात. त्या तरंग घेतात, पुन्हा सोडतात आणि एकाच दिशेला त्याचा जोर वाढवतात. डिशमध्ये हे काम आरशाप्रमाणे होते. सुमारे ३६,००० किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून आलेले तरंग वाटी एका बिंदूवर गोळा करते. खरा आकाशक तेथे, त्या छोट्या डबीच्या तोंडाशी असतो. बहुतेकांना वाटते, वाटी हाच आकाशक!

केबल झाली, आकाशक झाला. राहिला दोघांना जोडणारा कनेक्टर, आणि सगळ्यात जास्त घोटाळे तेथेच होतात. घरातला वीजतंत्री दोन वायरी सोलतो, पिळा मारतो, वर चिकटपट्टी गुंडाळतो, आणि दिवा लागतो. मग केबललाही तसेच का करू नये? उत्तर तरंगलांबीत आहे. घरातल्या विजेची वारंवारता ५० हर्ट्‌झ, म्हणजे तरंगलांबी ६,००० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी अंतराच्या जवळजवळ दुप्पट. तिच्यापुढे तीन सेंटिमीटरचा पिळा म्हणजे काहीच नाही. डिशच्या केबलमध्ये मात्र २,००० मेगाहर्ट्‌झपर्यंतचे तरंग असतात. केबलमधील त्यांची लांबी साडेबारा सेंटिमीटर, आणि आपला तीन सेंटिमीटरचा पिळा तिचा पाव हिस्सा झाला. तेवढ्या अंतरात जाळी बाजूला झालेली असते, संरोध भलताच होतो आणि तरंग तेथेच आपटून मागे फिरतो. म्हणून चांगला कनेक्टर म्हणजे केबलचाच पुढचा तुकडा: तीच समाक्ष रचना, तेच प्रमाण. डिशच्या केबलला लागणाऱ्या एफ कनेक्टरमध्ये तर वेगळी टाचणीच नसते. केबलची मधली तारच बाहेर काढून टाचणी म्हणून वापरतात. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत ऑसिलोस्कोपवर पाव फेरा फिरवून बसवायचा बी.एन.सी. कनेक्टर असतो. त्या नावातील एन आणि सी ही अक्षरे पॉल नील आणि कार्ल कॉन्सेलमन या अभियंत्यांची.

एफ कनेक्टर बसवताना जाळीचा एक केसासारखा धागा मधल्या तारेला टेकला, तर चित्र गायब. कनेक्टरमध्ये पावसाचे पाणी शिरले तरी तेच. पाण्यामुळे धारणा भलतीच वाढते आणि आपले सगळे गणित बिघडते. कोकणातल्या घरांनी याबाबत विशेष काळजी घ्यावी.

आता केबलच्या मधल्या तारेजवळ चुंबक नेऊन पाहा. बऱ्याच केबलींची तार चुंबकाला चिकटेल! वरून तांबे आणि आत पोलाद. ही फसवणूक आहे का? वारंवारता वाढली की प्रवाह तारेच्या पृष्ठभागाकडे सरकतो. १,००० मेगाहर्ट्‌झला तो तांब्याच्या वरच्या दोन-तीन मायक्रोमीटरमध्येच वाहतो. आत काय आहे, याची त्याला पर्वा नाही. दुकानदार ‘शुद्ध तांबे’ म्हणून जास्त पैसे मागतो, त्याचा चित्राला फारसा उपयोग नाही. घरातील पेटीकडून डिशवरच्या डबीला १३ किंवा १८ व्होल्टची एकदिश वीज याच तारेतून वर जाते, ती मात्र पूर्ण तारेतून वाहते. केबल फार लांब असेल तेव्हा शुद्ध तांब्याचे पैसे वसूल होतात.

पातळ थरातून वाहायचे म्हणजे अडथळा आला, आणि संदेश क्षीण होतो. या केबलमध्ये १,००० मेगाहर्ट्‌झला १०० मीटरमागे सुमारे २० डेसिबेल घट होते. दर १० डेसिबेलला शक्ती एक दशांश होते, म्हणजे १०० मीटरला उरला शंभरावा भाग. उपग्रहाकडून येणारा तरंग तर सुमारे १२,००० मेगाहर्ट्‌झचा. तो तसाच २० मीटर केबलमधून खाली आणला तर शेकडा तीनच्या आसपास शक्ती उरेल. म्हणून डिशवरची डबी तरंग आधी वाढवते, त्याची वारंवारता ९५० ते २,१५० मेगाहर्ट्‌झमध्ये उतरवते आणि मगच केबलच्या स्वाधीन करते.

हीच अडचण मोठ्या प्रमाणावर पाहायची असेल तर नारायणगावजवळ खोडदला जा. तेथे प्रा. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेली महाकाय मीटर-तरंग रेडिओ दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस वाट्या सुमारे २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत. त्यांचा पृष्ठभाग तारेच्या जाळीचा आहे. निदान २० सेंटिमीटर लांबीच्या तरंगांना एक-दोन सेंटिमीटरची भोके दिसतच नाहीत. दूरच्या दीर्घिकांकडून येणारा संदेश इतका दुबळा असतो, की पहिला वर्धक वाटीच्या नाभीपाशीच, लांब केबलच्या आधी बसवावा लागतो. नाही तर केबल संदेश खाते आणि वर स्वतःची खरखर मिसळते. आणि सगळ्या वाट्यांचे संदेश मध्यवर्ती इमारतीत आणायचे कसे? आपल्या घरच्या केबलने एका किलोमीटरला २०० डेसिबेल घट होईल, म्हणजे एकावर वीस शून्यांनी भागायचे! म्हणून तेथे संदेश लेसरच्या प्रकाशावर चढवून काचतंतूंतून नेतात. काचतंतूत घट किलोमीटरला अर्ध्या डेसिबेलहूनही कमी असते.

काचतंतू आले तरी कनेक्टरची कटकट सुटली नाही. सप्टेंबर २०११ मध्ये युरोपातील ऑपेरा प्रयोगाच्या शास्त्रज्ञांनी जाहीर केले, की जिनीव्हाजवळून ७३० किलोमीटरवरच्या इटलीतील प्रयोगशाळेकडे सोडलेले न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद लवकर पोचले. आइन्स्टाइन चुकले, अशा बातम्या जगभर झळकल्या. २०१२ च्या सुरुवातीला मुख्य दोष सापडला: वेळेचा संदेश घड्याळाकडे नेणाऱ्या काचतंतूचा कनेक्टर पुरता आवळलेला नव्हता.

आता तुमच्यासाठी एक प्रश्न. भिंतीत गाडलेली केबल बिघडली, तर भिंत न फोडता दोष शोधता येतो. केबलमध्ये विजेचा एक छोटा झटका पाठवायचा आणि तो केव्हा व कसा परततो ते ऑसिलोस्कोपवर पाहायचे. आपल्या ७५ ओहमच्या केबलमध्ये असा झटका पाठवला. तो ४०० नॅनोसेकंदांनी परत आला, आणि उलटा होऊन आला. केबल किती मीटरवर बिघडली आहे, आणि तेथे नेमके काय झाले आहे?